अर्ध्या डावातली टिटवी

कावळा समोरच्या उंबरावर बसला होता आणि खाली यायचं काही मनावर घेत नव्हता.

घाटाच्या पायरीवर केळीच्या पानात पिंड ठेवला होता. भोवती गावची माणसं टोप्या सारख्या करत उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा उंबरावर होत्या. उल्हास नदी भाद्रपदातली, गढूळ, काठोकाठ भरून चाललेली. आज नामा मास्तरचा दहावा. मास्तरचा मुलगा हिरू डोकं भादरून ओल्या पंचात कुडकुडत होता. मास्तर खालापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून शाळेतलेही दोघे आले होते आणि बेताबेतानं घड्याळ बघत होते.

"काय तरी राहिलं असंल त्याचं," लडकूतात्या म्हणाला. गावातलं सर्वांत जुनं माणूस, त्यामुळे असल्या वेळी कावळ्याशी बोलणी करायचं काम त्याच्याकडे. "मास्तर, विमलची काळजी करू नको. आमी हाय."

कावळ्यानं मान वळवून पंखाखाली खाजवलं.

"हिरूला घर सोडून देनार नाय मी," मास्तरच्या सासुरवाडीचा कुणीतरी म्हणाला. का सोडून देणार होता आणि कुठे, ते कुणालाच कळलं नाही. कावळ्यालाही नसावं.

शाळेतल्या एकानं घसा साफ केला. "सर, एलिमेंटरी परीक्षेला मुलं बसवू आम्ही. आपले ब्रश कपाटात नीट आहेत."

कावळा दुसऱ्या फांदीवर गेला, आणखी वर.

मग एकेक करून माणसं बुधाजीकडे बघायला लागली. उघड कुणी बघत नव्हतं. टोपी सारखी करताना, नाक पुसताना, नजर तेवढी त्याच्यावरून जात होती. बुधाजी मास्तरचा चुलतभाऊ. दोघांत शेताच्या बांधावरून कोर्टबाजी चाललेली आणि सात-आठ वर्षं अबोला. तरी सुतक त्याला होतंच. कोर्टात परके आणि सुतकात सख्खे, अशी आपल्याकडे सोयच आहे.

सगळ्यांच्या मनात बांध होता. बुधाजीच्या मनात दुसरंच होतं. ते त्याच्या उजव्या खिशात होतं आणि मांडीला टोचत होतं.

बुधाजी रेल्वेत. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. त्या बँकरवर तो असिस्टंट होता. त्याच्या बायकोच्या, मैनाच्या माहेरचे बरेच दिवस समजत होते की जावई बँकेत आहे, आणि त्यानंही ते घाईनं दुरुस्त केलं नव्हतं. काम असं, की वर जाणाऱ्या गाडीच्या शेपटीला लागायचं, घाट संपेपर्यंत तिला ढकलायचं, वर गेल्यावर सुटायचं आणि एकट्यानं खाली यायचं. गाड्या पुण्याला जायच्या, मद्रासला जायच्या. बुधाजी कर्जतला यायचा. पुढे काय आहे ते त्याला नोकरीभर दिसलं नाही. दिसायची ती शेवटच्या डब्याची पाठ.

गावी, शेलूच्या अलीकडे, त्याची थोडी भातशेती होती. तिला लागून नामाची. नामा त्याच्याहून काही महिन्यांनी मोठा. नामा मास्तरकीत, बुधाजी घाटात, त्यामुळे दोघांचीही शेतं गजा नावाचा एकच माणूस अर्धेलीनं करायचा. म्हणजे शेतं दोघांची, चिखल गजाचा.

नामाला वाचायचं वेड. मासिकांतून त्या वेळी विज्ञानकथा येऊ लागल्या होत्या. परदेशात हवेच्या उशीवर तरंगणारी बोट निघाल्याचंही त्यानं कुठेतरी वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं एक खेळ काढला. खेळाचं नाव 'सन बावीसशे बावीस'. मेणकापडाच्या उलट्या बाजूवर तैलरंगात कर्जतपासून शेलूपर्यंतचा सगळा मुलूख रंगवला. नदी, माथेरानचा डोंगर, एकेक शेत, एकेक बांध. त्या साली जगातल्या दोन महासत्तांची शेवटची लढाई होणार आणि ती कर्जत तालुक्यात होणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. इथंच का, असं बुधाजीनं विचारलं तर म्हणाला, "मला दुसरा मुलूख काढता येत नाय."

पायदळ म्हणून वालाचे दाणे घेतले. नामाचे होते तसेच, बुधाजीचे चुन्यात बुडवून पांढरे केलेले. प्रश्न आला रणगाड्याचा.

"रणगाडा नको," नामा म्हणाला. "आषाढात आपल्या शेतात रणगाडा उतरवला तर दसऱ्यापतुर निघायचा नाय. दोनी सैन्यं बांधावर बिड्या फुंकत बसतील."

"मंग?"

"तरंगती गाडी. चाक नाय, पाय नाय. खालून हवेचा झोत, वर प्रकाशतोफ. चिखलावरनं वीतभर उंच जानार. भाताची काडी मोडनार नाय."

"भात मोडत नाय तर ती लढाई कसली रं?"

"लढाई मानसांची हाय, बुधा. भातानं काय केलंय?"

शेतावर घिरट्या घालते आणि सहसा टेकत नाही म्हणून गाडीचं नाव पडलं टिटवी. बुधाजीनं इंजिन शेडमधल्या मोडीतला पितळेचा तुकडा आणून आपली टिटवी कानशीनं घासून घडवली. सुपारीएवढी, पालथ्या वाटीसारखी, वर काडीएवढी तोफ. ती तरंगताना दिसावी म्हणून खाली एक टाचणी डकवली. टाचणी मेणकापडात रोवली की टिटवी शेतावर अधांतरी उभी राही. नामानं आपली टिटवी सागाच्या ढलपीची केली, तशीच टाचणीवर.

मैनाला नाव पटलं नव्हतं. "अभद्र हाय. ती ओरडली की घरातलं मानूस जातं."

"ही ओरडायची नाय वैनी," नामा म्हणाला होता. "हिला सायलेन्सर हाय."

मग बुधाजीच्या प्रत्येक रेस्टला, म्हणजे सुटीच्या दिवशी, नामाच्या ओट्यावर डाव पडू लागला. विमलबाई, नामाची बायको, चहा ठेवायची आणि दोन वाढलेले बाप्ये वालाच्या दाण्यांवरून हमरीतुमरीवर आलेले बघून आत निघून जायची. पायदळाला एका डावात, म्हणजे एका पाळीत, एक शेत ओलांडता यायचं, तेही चिखल नसेल तर. टिटवी मात्र बांधामागून बांध ओलांडत जायची. बुधाजीला त्या खेळात एक गोष्ट फार आवडायची. तिथं तो पुढे असायचा. त्याला समोरचं दिसायचं.

एकदा दुपारी मैनाच्या कानावर आलं की गजानं बांध बांधताना तो सरकवला आहे. "तुमी जा खेळायला," ती म्हणाली. "तितं बांध सरकतोय हातहातभर. जमीन संपंल तवा दाने मांडा."

संध्याकाळी बुधाजी ओट्यावर बसला तो हे डोक्यात घेऊनच. डाव मात्र रंगला. त्याची टिटवी नदीवरून आली, नामाच्या पायदळाच्या डोक्यावरून गेली आणि एका शेतात उतरली. नामानं मुलूख खरा रंगवला असल्यामुळे ते शेतही खरं होतं. बुधाजीचंच.

"घेतलं," बुधाजी म्हणाला. "हे माझं."

नामा हनुवटी खाजवत नकाशाकडे बघत राहिला. "बुधा, मी इचार करत होतो. टिटवीला शेत देता येनार नाय."

"म्हंजे?"

"ती जिंकंल. उतरंल. एक डाव थांबंल. पुढल्या डावाला उठलीच पायजे. जिचा पाय चिखलाला लागत नाय तिची जमीन कशी? शेत पायदळाचं. नवा रूल."

बुधाजीनं हातातली बिडी विझवली. "रेल्वेवाल्याची जमीन नाय, असं सरळ म्हन ना."

"खेळाचं बोलतोय रं मी."

"मी पन." त्यानं टाचणीसकट टिटवी उपटली आणि खिशात टाकली. "खेळ तुझा, रूल तुझा. बांध कुनाचा ते तालुक्याला बघू."

"बुधा, टिटवी तरी ठेव. माझा डाव हाय."

हे नामाचे त्याच्याशी शेवटचे शब्द.

बुधाजीनं मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाले आले, साखळी टाकली, खुणांचे दगड शोधले. बांध खरंच सरकला होता. सरकला होता तो नामाच्या शेतात, चांगला हातभर. गजाला बोलावून विचारलं तर तो म्हणाला, "त्या अंगाला दगड हाय, म्हनून या अंगानं माती लावत गेलो. कुनाचं शेत ते मी बघत बसलो नाय. कापायचं मलाच हाय."

आता शहाण्या माणसानं काय करावं? बुधाजीनं मोजणीविरुद्ध अपील केलं. सरकलेला बांध त्याच्याच फायद्याचा होता, पण मोजणी बरोबर म्हणायची तर नामाच्या ओट्यावर जाऊन 'चुकलो' म्हणावं लागलं असतं. त्या मानानं अपील सोपं होतं. वकिलानं त्याच्याकडे दोन वेळा निरखून पाहिलं आणि कागद केले. नामानं आपली हातभर जमीन कधी मागितली नाही. याचाही बुधाजीला राग आला.

टिटवी मात्र त्याच्या खिशातच राहिली. कपाटात ठेवली असती तर मैनानं विचारलं असतं. टाकून द्यायची तर घासायला घेतलेली मेहनत आठवायची. युनिफॉर्म बदलला की ती नव्या खिशात जायची. घाटात इंजिन गचके खायचं आणि टाचणी मांडीत जायची. मैना वैतागून खिसे शिवायची. "काटा घालून हिंडतात मेले," एवढंच म्हणायची.

भाद्रपद लागला आणि गजा कर्जतला त्याच्या क्वार्टरवर आला. दारातच उकिडवा बसला.

"मास्तर लय आजारी हाय. पोटाचं हाय म्हनतात. मुंबईला नेलता, परत आनला."

बुधाजीनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"त्यांनी सांगितलंय, बुधाला म्हनावं टिटवी घिऊन ये. डाव अर्धा हाय." गजानं डोकं खाजवलं. "तुमी पक्षी कदी पाळलाव?"

रेस्टच्या दिवशी बुधाजी निघाला. आदल्या संध्याकाळी त्यानं टिटवी राखेनं घासून लख्ख केली होती. शेलूला उतरून तो गावात शिरला नाही. पारावर बसलेल्यांनी बघितलं असतं, आणि अपीलवाला बुधाजी मास्तरकडे गेला ही बातमी त्याच्या आधी पोचली असती. नामाचं घर शेताच्या कडेला. तो मागच्या बाजूनं, आपल्या शेतातून गेला. भात पोटरीत आलेलं, खाली पाणी. पुढे जायला वाट एकच होती, तो बांध.

आणि वकिलानं बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत वादातल्या बांधावर पाय ठेवायचा नाही.

बुधाजी कडेला थांबला. पलीकडे ओट्यावर नामा बाजेवर टेकून उन्हात बसला होता. इतका वाळला होता, की आधी त्याला तो नामाचा बाप वाटला. नामानं त्याला पाहिलं. हाक मारण्याइतका आवाज राहिला नसावा. त्यानं हात वर केला, तळवा जमिनीकडे धरला आणि हवेत पुढे सरकवला. हळूहळू, अधांतरी, बांधावरून. डावात टिटवी निघाली की दोघंही असाच हात फिरवायचे.

चिखलाला न लागता, बांधाला न शिवता, भाताची काडी न मोडता पलीकडे नेणारी गाडी जगात कुठे असेल तर ती त्या घटकेला बुधाजीच्या खिशात होती. त्यानं खिशात हात घातला. तिला मुठीत धरलं. हात काही वर आला नाही. आठ वर्षांचा माणूस असता तर आला असता. पन्नाशीच्या माणसाला लाजा फार. नामा थट्टा करतोय का, असंही एकदा मनात आलं. मग ड्यूटीची आठवण झाली, जी दुसऱ्या दिवशी होती.

येत्या रेस्टला गावातून, पारावरून, सगळ्यांदेखत जायचं, असं त्यानं परतताना ठरवलं. ठरवलं होतं, हे खरं आहे. नामा त्याच आठवड्यात गेला.

"बुधा," लडकूतात्या घाटावर हळूच म्हणाला, "तुझं काय असंल तर बोल बाबा. ऊन चढलं."

बुधाजी एक पाऊल पुढे आला. "बांध सोडला," तो म्हणाला. "केस मागं घेतो. हातभर जमीन नामाची हाय, ती नामाची."

माणसांत कुजबुज झाली. ओल्या पंचातल्या हिरूनं त्याच्याकडे बघितलं. एवढी मोठी गोष्ट त्या घाटावर बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांनी विश्वासानं उंबराकडे माना वळवल्या.

कावळा तिथंच.

आणखी काय बोलायचं ते बुधाजीला माहीत होतं. तीन शब्दांचं काम होतं. 'तुझा रूल मान्य.' पण बांध, केस, जमीन हे शब्द चारचौघांत बोलता येतात. शाळेतल्या मास्तरांसमोर, गावासमोर, खिशातून पितळेची तरंगती गाडी काढून सन बावीसशे बावीसची गोष्ट कशी बोलायची? त्यानं खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला.

भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाची चार पाती घेतली, वळली, गाठ मारली. चोच, शेपूट, झाला कावळा. तो दर्भाचा कावळा पिंडाला शिवला आणि मास्तर शास्त्राप्रमाणे मोकळा झाला. कुणाची हरकत नव्हती. खऱ्याच्या जागी एक सोंगटी ठेवली आणि तिचा रूल सगळ्यांनी मान्य केला.

माणसं पांगली. बुधाजी मागे रेंगाळला. घाट मोकळा झाल्यावर उंबरावरून तो कावळा उतरला, पिंडापाशी आला आणि निवांत खायला लागला. त्याला उशीर झाला होता, एवढंच. त्याबद्दल त्याला नावं ठेवायचा बुधाजीला काही हक्क नव्हता.

नामाच्या घरी आल्यावर विमलबाई म्हणाली, "भावजी, जरा आत या. तुमचं एक सामान पडलंय."

आतल्या खोलीत कोपऱ्यात पाटावर काहीतरी वर्तमानपत्रानं झाकलेलं होतं. तिनं कागद काढला. मेणकापड. नदी, डोंगर, बांध. रंगाला भेगा गेल्या होत्या, पण दाणे जागच्या जागी होते, बुधाजी सोडून गेला होता तसे. आणि ताजे होते.

"वालांना दरसाल भुंगा लागायचा," ती म्हणाली. "नवे वाल आले की एकेक दाना बदलत बसायचे. हलायचा नाय कुठला. तुमच्या दान्यांना चुनापन तेच लावायचे. मी म्हनायची, उचला हा पसारा. म्हनायचे, डाव माझा हाय गं, पन समोर गाडीच नाय तर खेळू काय?"

बुधाजी खाली बसला. त्याला नामाची टिटवी दिसली, सागाची. ती टाचणीवर उभी होती, नामाच्या स्वतःच्या शेतात. त्या संध्याकाळीही ती तिथंच असणार. नवा रूल लागला की तिलाही ते शेत सोडून उठावं लागणार होतं. बुधाजीनं तेव्हा तिकडे बघितलंच नव्हतं.

"हे पन शेत सोडनार होता का तो?" त्यानं विचारलं.

"त्यांचं काय, ते म्हनायचे आमी दोगंबी टिटव्याच. वरनं वरनं फिरनारे. शेत गजाचं." विमलबाईनं पदरानं डोळे टिपले. "मला त्यातलं कळत नाय भावजी."

ती चुलीकडे गेली. बुधाजीनं खिशातून टिटवी काढली. आपल्या शेतात टाचणीचं जुनं भोक शोधलं, बोटाला लागलं. त्याच भोकात टाचणी रोवली. राखेनं घासलेलं पितळ अजून चमकत होतं. टिटवी भातावर वीतभर उंच, अधांतरी उभी राहिली.

"रूल मान्य," तो म्हणाला.

"काय म्हनालाव?" विमलबाईनं आतून विचारलं.

"काय नाय वैनी."

रूलप्रमाणे टिटवीला त्या शेतात एकच डाव थांबता येत होतं. मग तिनं उठायलाच हवं होतं. बुधाजी मांडी घालून बसून राहिला. डाव नामाचा होता.